मेरिमॅकची ओहोटी आणि शरदातला पट्टेदार बास

खाडीकाठ :

न्यू इंग्लंडमधील शरद ऋतू म्हटला की आपली बहुतेक मंडळी पानांचे रंग पाहण्यासाठी व्हाइट माउंटन्सची वाट धरतात. त्याच डोंगरांचे पाणी घेऊन खाली येणारी मेरिमॅक नदी लोवेल आणि लॉरेन्स या जुन्या गिरणगावांमधून वाहत न्यूबरीपोर्टपाशी अटलांटिकला मिळते, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात या नदीमुखात जे घडते ते मला तरी पानांच्या रंगांपेक्षा अधिक पाहण्यासारखे वाटते. गरवण्याची आवड असलेल्यांसाठी त्याची सविस्तर नोंद मराठीत असावी, म्हणून हा धागा.

पट्टेदार बास, म्हणजे इथल्या बोलीतला स्ट्रायपर, हा समुद्रात राहणारा पण अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात शिरणारा मासा आहे. रुपेरी अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेल्या सात-आठ काळ्या रेघा ही त्याची ओळख. अटलांटिक किनाऱ्यावर फिरणाऱ्या या माशांपैकी बहुतांश चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांमध्ये जन्मलेले असतात. हडसन आणि डेलावेअर या नद्यांचाही त्यात वाटा आहे. वसंतात वीण आटोपली की ते उत्तरेकडे सरकतात, मे महिन्यात मेरिमॅकमध्ये दिसू लागतात, उन्हाळा मॅसॅच्युसेट्स आणि मेनच्या थंड पाण्यात काढतात आणि दिवस लहान होऊ लागले की परत दक्षिणेची वाट धरतात. मेरिमॅक म्हणजे त्यांचे घर नव्हे, वाटेवरची खाणावळ आहे, आणि शरदात या खाणावळीत पंगतीवर पंगती उठत असतात.

याचे कारण असे की वसंतात वरच्या तळ्यांत आणि ओढ्यांत चढलेल्या हेरिंग माशांची त्या वर्षीची पिल्ले याच सुमारास प्रवाहाबरोबर समुद्राकडे उतरतात. शिवाय मेनहेडन माशांची बोटभर लांबीची पिल्ले खाजणांतून बाहेर पडतात. मेनहेडनला मॅसॅच्युसेट्समध्ये पोगी म्हणतात आणि न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे बंकर. पुढच्या लांबच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायची असल्याने बास या काळात भर दिवसाही खातो. उन्हाळ्यात तो बहुतेक वेळा पहाटे, संध्याकाळी किंवा रात्रीच हाती लागतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नवशिके लोक आमिषाचा रंग कोणता, रॉड किती फुटांचा, असे विचारतात. या नदीवर पहिला प्रश्न असायला हवा तो पाणी कोणत्या दिशेला आणि किती वेगाने चालले आहे हा. न्यूबरीपोर्टपाशी भरती-ओहोटीतला फरक सरासरी आठ फुटांच्या आसपास असतो, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तो याहूनही वाढतो, आणि भरतीचा परिणाम वर पार हेव्हरिलपर्यंत जाणवतो. एवढे पाणी सहा तासांत आत येते आणि पुढच्या सहा तासांत नदीच्या स्वतःच्या पाण्यासह बाहेर पडते. त्यामुळे ओहोटीचा जोर भरतीपेक्षा अधिक असतो, आणि मुखापाशी पाण्याची पातळी उतरायची थांबली तरी प्रवाह आणखी बराच वेळ समुद्राकडेच वाहत राहतो. तक्त्यात लिहिलेली ओहोटीची वेळ आणि प्रवाह खरोखर थांबण्याची वेळ यांतला हा फरक ज्याला कळला त्याला या नदीचे अर्धे कोडे सुटले असे मी समजतो.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी आणि माझे शेजारी, जे मूळचे देवगडचे असून लहानपणापासून खाडीत गरवत आलेले आहेत, असे दोघे पहाटे निघालो. मुखापाशी पूर्ण भरती साडेआठच्या सुमारास होती, म्हणजे उजाडताना भरतीचे शेवटचे दोन तास आणि नंतर दुपारपर्यंत सलग ओहोटी असा बेत होता. उत्तर तीरावर सॉल्सबरी बीचचे राज्य उद्यान आहे, दक्षिण तीरावर प्लम आयलंड आहे आणि दोहोंच्या टोकांपासून समुद्रात गेलेले दोन दगडी बंधारे नदीचे मुख बांधून धरतात. दक्षिण तीराच्या आतल्या बाजूला जॉपा फ्लॅट्स नावाचा विस्तीर्ण चिखलाट आहे, जो भरतीला पूर्ण बुडतो आणि ओहोटीला मैलभर उघडा पडतो. त्याच्या मागे ग्रेट मार्श हे न्यू इंग्लंडमधील सर्वांत मोठे खाजण पसरलेले आहे. ऑक्टोबरात तिथले गवत पिकल्या भातासारखे पिवळे होते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

भरतीच्या उरलेल्या वेळात आम्ही पाण्याच्या वर चालणारी आमिषे फेकून पाहिली, आणि दोन-तीन लहान मासे येऊन गेले. या वेळेबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. भरतीचे पाणी चिखलाटावर पसरते तसा मासाही पसरतो आणि कुठे उभे राहावे हे ठरवता येत नाही.

खरा खेळ ओहोटी लागून दीड-दोन तास झाल्यावर सुरू झाला. चिखलाटावरचे पाणी लहान लहान चरांतून गोळा होऊन नदीच्या खोल पात्रात पडू लागते, आणि जिथे हे उथळ, वेगवान पाणी खोल, संथ पाण्याला भेटते तिथे पृष्ठभागावर एक सुरकुती दिसते. एका बाजूला पाणी गुळगुळीत असते, दुसऱ्या बाजूला ते बारीक उकळल्यासारखे दिसते. चिखलाटावरून वाहून येणारी पिल्ले या रेषेवर आली की प्रवाहापुढे त्यांचे काही चालत नाही, आणि बास रेषेच्या खालच्या, संथ बाजूला तोंड प्रवाहाकडे करून थांबलेला असतो. त्याला पोहावे लागत नाही, समोर येईल ते गिळायचे असते. तेव्हा आमिषही तसेच आले पाहिजे. आम्ही हरणाच्या शेपटीच्या केसांचे पांढरे जिग (म्हणजे वजनदार डोक्याचा, आमिषासारखा सजवलेला गळ), वजन साधारण एक औंस, प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरके फेकत होतो. दोरी फक्त ताणलेली राहील इतकीच गुंडाळायची, जिग तळाला मधूनमधून टेकू द्यायचे आणि प्रवाहानेच ते कमानीसारखे फिरवून रेषेच्या खाली आणू द्यायचे. कमान संपून जिग वर उचलले जाते त्या क्षणी झटका बसतो. जो माणूस सतत रील फिरवत राहतो त्याच्या वाट्याला हा झटका क्वचितच येतो, आणि आमच्या शेजारी उभ्या असलेल्या दोघा-तिघांचे नेमके तेच चालले होते.

एक मासा काठाशी आणला तेव्हा त्याने बोटभर लांबीच्या तीन पोगी ओकल्या. दोन अर्धवट पचलेल्या होत्या, तिसरी अजून चकाकत होती. असे काही दिसले की आमिषाचा आकार त्याच्याशी जुळवून घ्यावा. आम्ही जिगला मागे जोडलेली रबरी शेपटी काढून टाकली आणि त्यानंतर मासे अधिक नेमाने लागले. दुपारी एकच्या सुमारास पात्राच्या मध्यावर समुद्रपक्ष्यांची झुंबड उडाली, पाण्यातून पिल्लांचे फवारे उसळू लागले आणि जवळपासच्या साऱ्या होड्या तिकडे धावल्या. आम्ही काठावरून ते नुसते पाहिले. अशा झुंबडीत वर दिसणारे मासे बहुधा लहान असतात; मोठे खाली, जखमी होऊन बुडणाऱ्या पिल्लांची वाट पाहत असतात, असा माझा अनुभव आहे.

प्रवाह मंदावला तसे मासे लागायचे थांबले. आम्ही नियमात बसणारा एक मासा ठेवला, बाकीचे सोडले आणि भरतीचे पाणी चिखलाटावर परत चढण्याआधी बाहेर पडलो. कोणाला काही विचारायचे असेल तर अवश्य विचारावे.

दर्यावर्दी :

लेख आवडला. आमच्याकडे मालवणच्या किनाऱ्यावर जुनी माणसे तक्ता न पाहता भरती सांगतात: तिथीच्या अंकाला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. आपण दसऱ्यानंतरचा रविवार म्हणता, ती एकादशी असेल तर अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार म्हणजे सव्वाआठ. आपल्याकडे साडेआठला पूर्ण भरती होती! हा योगायोग आहे की हे गणित तिथेही चालते?

दुसरे असे की आपले वर्णन वाचताना मला सारखा जिताडा आठवत होता. तोही खाडीत, पुलाच्या खांबाआड किंवा बांधाच्या तोंडाशी ओहोटीला असाच दबा धरून बसतो.

खाडीकाठ :

दर्यावर्दी, एकादशीच होती. बॉस्टनच्या परिसरात अमावस्या-पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणून उन्हाळी वेळ (घड्याळे एक तास पुढे) चालू असेपर्यंत आपले गणित इथे ढोबळमानाने जुळते. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक गृहीत धरावा. न्यूयॉर्क बंदरात ते मुळीच जुळणार नाही, कारण तिथली भरती काही तास वेगळी चालते. चिखलाटात उतरायचे असेल तर मात्र गणितावर विसंबू नये, छापील किंवा सरकारी संकेतस्थळावरचा तक्ताच पाहावा.

जिताड्याशी साम्य वागण्यात आहे, जीवनक्रम नेमका उलटा आहे. जिताडा गोड्या आणि मचूळ पाण्यात वाढतो आणि विणीसाठी समुद्राच्या बाजूला उतरतो; स्ट्रायपर समुद्रात वाढतो आणि विणीसाठी नदी चढतो. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, तसे स्ट्रायपरमध्ये घडत नाही. तरीही दोन्हीकडे फार मोठा मासा हाती आला तर ती मादीच असण्याची शक्यता अधिक. आणि दोघांच्याही कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, हात जपावा.

रारिटनकाठची :

मी न्यू जर्सीत राहते आणि आमच्याकडे हा हंगाम आणखी उशिरा, नोव्हेंबरात रंगात येतो, कधी डिसेंबरपर्यंतही चालतो. तुमच्याकडून निघालेले मासे आमच्या किनाऱ्यावरून जातात, असे म्हणायला हरकत नाही. रारिटन उपसागरात तर मोठे बंकर असतात, हातभर लांबीचे, त्यामुळे आमची आमिषेही मोठी असतात.

माझी तक्रार नियमांबद्दल आहे. २८ ते ३१ इंच लांबीचा एकच मासा ठेवता येतो. तीन इंचांच्या त्या फटीत बसणारा मासा मिळवण्यासाठी दिवसभर मोठे-लहान मासे पकडून सोडत बसायचे, यात संवर्धन कसले होते?

आकडेमोड :

रारिटनकाठच्या ताई, या फटीमागचा इतिहास पाहिला तर ती इतकी विचित्र वाटणार नाही. या माशाची काळजी घेणे तसे जुनेच आहे. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३९ मध्येच तो शेतात खत म्हणून घालण्यास मनाई केली होती. तरीही १९७० आणि १९८० च्या दशकांत त्याची संख्या इतकी घसरली की १९८४ मध्ये अमेरिकन काँग्रेसला त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि १९८५ मध्ये मेरिलँडने त्याची मासेमारी पूर्ण थांबवली. त्या कडक उपायांचे फळ म्हणून १९९५ मध्ये साठा पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. पुढे पुन्हा उतार लागला आणि २०१९ मध्ये साठा अतिमासेमारीने खालावल्याचे मान्य करावे लागले. २०२९ पर्यंत तो सावरायचा असे उद्दिष्ट आहे.

आता फटीबद्दल. २०१५ साली चेसापीकमध्ये जन्मलेल्या माशांची पिढी भरघोस होती. ती पिढी २८ इंचांच्या पुढे जाऊ लागली आणि २०२२ मध्ये हौशी मच्छीमारांनी घरी नेलेल्या माशांचे प्रमाण आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट झाले. म्हणून अटलांटिक किनाऱ्यावरील राज्यांच्या संयुक्त मत्स्य आयोगाने २०२३ मध्ये तातडीचा निर्णय घेऊन वरची मर्यादा ३५ वरून ३१ इंचांवर आणली. हेतू एवढाच होता की ती पिढी फटीतून लवकर पुढे निघून जावी आणि अंडी घालत राहावी. त्यामागून येणाऱ्या पिढ्या फार दुबळ्या आहेत. मेरिलँड दरवर्षी चेसापीकमधील त्या वर्षीच्या पिल्लांची मोजणी करते; तिचा दीर्घकालीन सरासरी निर्देशांक ११ च्या आसपास आहे आणि २०२३ मध्ये तो १.० निघाला.

रेताड :

आकडे पटले, पण मला मूळ गोष्टच पटत नाही. आमच्या गावी जो मासा गळाला लागला तो घरी जातो. पोटासाठी मासा मारणे मला समजते. त्याच्या तोंडात गळ अडकवून, दमवून, छायाचित्र काढून त्याला परत पाण्यात सोडायचे हा मला निव्वळ छळ वाटतो, आणि त्याला संवर्धन म्हणणे हा वर आणखी दांभिकपणा.

आकडेमोड :

रेताड, आपल्या आक्षेपाला आकड्यांचाही आधार आहे. सोडलेल्या स्ट्रायपरपैकी सुमारे ९ टक्के नंतर मरतात असे साठ्याच्या मोजणीत धरले जाते. हौशी लोक पकडलेल्यांपैकी बहुसंख्य मासे सोडतात, त्यामुळे ते ९ टक्के म्हणजे लाखो मासे होतात. काही वर्षांत अशा मेलेल्या माशांची संख्या घरी नेलेल्या माशांपेक्षाही जास्त भरली आहे. म्हणजे सोडणे ही फुकटची गोष्ट नव्हे.

खाडीकाठ :

रेताड, आपल्या मताचा मला आदर आहे, पण मी त्यातून वेगळा निष्कर्ष काढतो. ९ टक्के ही सरासरी आहे आणि ती बऱ्याच अंशी मच्छीमाराच्या हातात आहे. ऑगस्टमध्ये पाणी ७० अंश फॅरनहाइटच्या वर गेलेले असताना, नैसर्गिक आमिष गिळू देऊन, बारीक दोरीवर मासा अर्धा तास दमवला तर तो मरण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. ऑक्टोबरच्या थंड पाण्यात, एकेरी आणि काटा दाबून टाकलेल्या गळाने, जाड दोरीवर झटपट आणलेला मासा बहुतेक वेळा निर्धास्तपणे निघून जातो. नैसर्गिक आमिष वापरायचे असेल तर २०२१ पासून सर्कल हुक बंधनकारक आहे. त्याचे टोक आत वळलेले असल्याने तो घशात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो.

मी स्वतः आमिषांचे तिहेरी गळ काढून एकेरी बसवतो. मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ सोडवतो. उचलावा लागलाच तर हात आधी ओले करतो, एक हात खालच्या जबड्यावर आणि दुसरा पोटाखाली ठेवून त्याला आडवा धरतो. नुसत्या जबड्यावर उभा लटकवत नाही. त्याचे दात कानशीसारखे बारीक असतात, चावत नाहीत, पण चांगला दिवस असला की संध्याकाळी अंगठ्याचे कातडे सोललेले असते आणि लिंबू पिळताना त्याची आठवण होते. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे करून, पाणी कल्ल्यांतून जाऊ देत, तो स्वतःहून शेपूट मारून हात सोडवेपर्यंत धरून ठेवतो. आणि नियमात बसणारा एक मासा ठेवला की मी गरवणे थांबवतो. हा नियम नाही, माझी आवड आहे. त्यावर इथे मतभेद असू शकतात.

रारिटनकाठची :

एक मासा ठेवल्यावर थांबण्याशी मी सहमत नाही, पण बाकी सारे पटले. दर्यावर्दींसाठी आणि खवय्यांसाठी थोडे स्वयंपाकाबद्दल लिहिते. फटीत बसणारा मासा साधारण नऊ-दहा पौंडांचा असतो. तो पकडल्याबरोबर कल्ल्याजवळ कापून रक्त जाऊ द्यावे आणि बर्फात ठेवावा. सोललेल्या तुकड्याच्या कातड्याकडच्या बाजूला गडद लाल मांसाची पट्टी दिसते. ती पूर्ण कापून टाकावी, कारण उग्र वास तिच्यातच असतो. आमच्या घरी ती न काढता केलेले कालवण कोणी खाल्ले नव्हते. उरलेले मांस पांढरे, घट्ट आणि मोठ्या पापुद्र्यांचे असते. आले-लसूण, हळद, तिखट आणि कोकमाचे आगळ लावून तासभर ठेवले आणि जाड रव्यात घोळून तव्यावर तळले तर सुरमईची उणीव भासत नाही. हा मासा बरीच वर्षे जगणारा असल्याने त्याच्यात पारा आणि इतर प्रदूषके साठतात. कनेक्टिकटचा आरोग्य विभाग गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांना तो टाळण्यास आणि इतरांना महिन्यातून एकदाच खाण्यास सांगतो. म्हणून आम्हीही तो सणासारखाच करतो.

उत्तरवारा :

कयाकवाल्यांसाठी काही गोष्टी या धाग्यात यायलाच हव्यात. मेरिमॅकचे मुख वर्णनात जितके रम्य आहे तितकेच धोक्याचे आहे. ओहोटीचा पूर्ण जोर असताना पूर्वेकडून वारा किंवा समुद्रातून लाटा येत असल्या तर बंधाऱ्यांच्या मध्ये दोन्ही पाण्यांची टक्कर होते आणि मिनिटांत उभ्या, फुटणाऱ्या लाटा तयार होतात. मोठ्या होड्याही तिथे उलटल्या आहेत. कयाक घेऊन ओहोटीला मुखाकडे जाणे म्हणजे परतीचा रस्ता स्वतःच बंद करणे होय, कारण त्या प्रवाहाविरुद्ध वल्ह्याने परत येता येत नाही. ज्यांना कयाक वापरायचेच असेल त्यांनी पुलांच्या वरच्या अंगाला, कार बेटाच्या आसपास राहावे. तिथेही मासे असतात.

मॅसॅच्युसेट्समध्ये १५ सप्टेंबर ते १५ मे या काळात कयाक किंवा कनू चालवणाऱ्याने जीवरक्षक जाकीट अंगात घातलेलेच असावे असा कायदा आहे. ते बरोबर ठेवून चालत नाही. हवा उबदार असली तरी पाणी थंड झालेले असते आणि पडल्यावर पहिल्या मिनिटातच श्वास धरता येत नाही.

खाडीकाठ :

उत्तरवारा, धन्यवाद. पायी जाणाऱ्यांसाठी यात भर घालतो: छातीपर्यंतचे रबरी कपडे घातले तर कमरेचा पट्टा घट्ट बांधावा, म्हणजे पडल्यास पाणी आत भरत नाही. आणि जॉपा फ्लॅट्सवर धुके असताना उतरू नये. भरतीचे पाणी समोरून येत नाही, ते चरांतून मागच्या बाजूने वळसा घालून येते, आणि आपण उभे असलेला उंचवटा कोरडा असतानाच काठाकडे जाणारी वाट बुडते.

नवी पालवी :

सर्व प्रतिसाद वाचले. आम्ही बॉस्टनजवळ नुकतेच राहायला आलो आहोत. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि रत्नागिरीहून बाबा आले आहेत, ज्यांनी भाट्याच्या खाडीत आयुष्यभर गरवले. आमच्याकडे होडी नाही, रबरी कपडे नाहीत आणि चिखलात उतरायची तर मुळीच तयारी नाही. तिघांना एका दिवसासाठी जाता येईल असे काही सुचवाल का?

खाडीकाठ :

अवश्य. सॉल्सबरी बीचच्या राज्य उद्यानात नदीच्या बाजूला वाळूचा किनारा आहे. गाडी जवळ लावता येते आणि चिखल तुडवावा लागत नाही. ओहोटी लागून दीड तास झाला की पोहोचा आणि पुढचे तीन तास तिथे राहा. मुलाला आणि बाबांना बंधाऱ्याच्या दगडांवर चढू देऊ नका, शेवाळामुळे ते फार निसरडे असतात. वाळूवरूनही प्रवाहाची रेषा फेकीच्या टप्प्यात येते. सात फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड, तीस पौंडांची विणलेली दोरी, तिच्या पुढे चाळीस पौंडांचा दोन-तीन फूट लीडर (गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा) आणि पाऊण ते एक औंसाची पांढरी जिग एवढे पुरे. बाबांना प्रवाहात जिग कशी फिरू द्यायची हे सांगावे लागणार नाही. भाट्याच्या खाडीत दोरी हातात धरून बसलेल्या माणसाला ते बोटांनीच कळते. मुलाला मात्र रील न फिरवता थांबायला शिकवावे लागेल, आणि ते काम बाबांकडेच द्या.

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा उलटला की इथले मासे भराभर कमी होतात, त्यामुळे शक्य असेल तर येत्या शनिवार-रविवारीच जा. नंतर जायचे झाल्यास कनेक्टिकटमधील नॉर्विचजवळची थेम्स किंवा हूसाटॉनिक या नद्या पाहाव्यात, तिथे काही स्ट्रायपर हिवाळाभर मुक्काम करतात. परवान्याचे म्हणाल तर मॅसॅच्युसेट्समध्ये खाऱ्या पाण्यात गरवण्याचा वार्षिक परवाना घरबसल्या मिळतो. सोळा वर्षांखालील मुलांना तो लागत नाही. बाबांनी साठी ओलांडली असेल तर त्यांच्याकडून शुल्क घेत नाहीत, पण परवाना त्यांच्या नावाने काढून खिशात ठेवावा लागतो.

नवी पालवी :

आजच काढते. बाबा विचारत आहेत की जिगऐवजी कोळंबी लावली तर चालेल का.

खाडीकाठ :

चालेल, पण मग सर्कल हुक लागेल, आणि कोळंबीला खेकडे आधी येतील हेही त्यांना सांगा.